ऑपरेशन सक्सेसफुल... म्हणजे नक्की काय?

"ऑपरेशन सक्सेसफुल झालं!" हे वाक्य ऐकलं की आपण हुश्श करतो आणि लगेच सगळ्या नातेवाइकांना फोन लावतो. सॉफ्टवेअरवाल्याच्या कानाला मात्र ते फार ओळखीचं वाटतं. 'रिलीज सक्सेसफुल' अगदी तसंच! म्हणजे कोड सर्व्हरवर गेला, एवढंच. पुढे काय होतंय ते कळायला कोणीतरी लॉग बघत बसावं लागतं.

सर्जरीचे लॉग ठेवा म्हणणारा एक माणूस शंभरेक वर्षांपूर्वी बॉस्टनमध्ये होऊन गेला. अर्नेस्ट कॉडमन, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला सर्जन. म्हणणं साधंच होतं: प्रत्येक पेशंटचं एक कार्ड ठेवा, वर्षभराने त्याची चौकशी करा, बरा झाला नसेल तर का नाही ते लिहा, आणि हे सगळं जाहीर करा. सहकाऱ्यांना ते कसं पचणार? १९१४ साली त्याने तिथे राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलात मात्र त्याने हा हिशोब नेटाने ठेवला. १९११ ते १९१६ या काळात ३३७ पेशंट, त्यात १२३ चुका, असे आकडे त्याने स्वतःच छापून टाकले. असा बग रिपोर्ट आपल्यापैकी किती जण स्वतःच्या नावाने छापतील?

पण नुसतं "मोजा" म्हणून भागत नाही. काय मोजायचं? एक डॉक्टर म्हणणार "किरकोळ त्रास झाला", त्याच त्रासाला दुसरा "गंभीर" म्हणणार. प्रत्येक टेस्टर आपापल्या मूडप्रमाणे सिव्हिअरिटी लावायला लागला तर जे होईल तेच.

यावरचा तोडगा मला फार आवडला. झुरिकच्या दिंदो, क्लाविएँ वगैरे सर्जन मंडळींनी २००४ साली ६३३६ पेशंटांवर तपासून एक वर्गवारी मांडली (क्लाविएँची मूळ कल्पना १९९२ची). गुंतागुंत किती वाईट 'वाटते' हे विचारायचंच नाही. ती निस्तरायला काय करावं लागलं, एवढंच बघायचं. जखमेत थोडा पू झाला, खाटेवरच टाका उघडून साफ केला: ग्रेड एक. अँटिबायोटिक किंवा रक्त द्यावं लागलं: ग्रेड दोन. पोटात साठलेला पू नळी घालून काढावा लागला किंवा पेशंटला परत ओटीत न्यावं लागलं: ग्रेड तीन (पूर्ण भूल लागली की नाही यावर अ आणि ब). जीवावर बेतून आयसीयूत हलवावं लागलं: ग्रेड चार. मृत्यू: ग्रेड पाच.

गंमत अशी की मतं बदलतात, पण केसपेपरवर लिहिलेलं औषध आणि परत केलेलं ऑपरेशन सहजासहजी लपत नाही.

आता आपल्याकडचं एक साधं उदाहरण घ्या. साताऱ्याहून काका पुण्यात येतात, ऑपरेशन होतं, चौथ्या दिवशी डिस्चार्ज. दहाव्या दिवशी जखम लाल होते, पू येतो. काका पुण्याला परत येतात का? छे! गल्लीतल्या डॉक्टरांकडे जातात, गोळ्या घेतात, बरे होतात. पुण्याच्या हॉस्पिटलात याची नोंद काय? शून्य! तिथल्या डॉक्टरांनी काही लपवलं असंही नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही. म्हणून तर अशा मोजणीत साधारण ३० दिवस पाठपुरावा करायची पद्धत आहे, आणि गुडघा किंवा खुबा बदलला असेल तर जंतुसंसर्गासाठी ९० दिवस.

म्हणजे "आमच्याकडे कॉम्प्लिकेशन होतच नाहीत" हे वाक्य ऐकून खूश होण्याऐवजी जरा सावध व्हावं. ज्या प्रोजेक्टमध्ये एकही बग सापडत नाही तिथे बहुतेक टेस्टिंगच झालेलं नसतं.

आणि समजा, मोजणी चोख झाली. तरी आणखी एक गोष्ट उरते. २००९ साली अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे मृत्यू सर्वांत कमी आणि जिथे सर्वांत जास्त, अशा दोन टोकांच्या गटांची तुलना केली. वाटेल की पहिल्या गटात गुंतागुंतीच कमी असतील. तसं नव्हतं. पहिल्यात २६.९ टक्के पेशंटांना काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात २४.६ टक्के. म्हणजे जवळपास सारखंच. फरक पुढे होता. मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी पहिल्या गटात १२.५ टक्के दगावले, दुसऱ्यात २१.४ टक्के.

थोडक्यात, बग दोन्हीकडे तेवढेच. पण रात्री दोन वाजता अलार्म वाजल्यावर कोण जागं होतं आणि किती लवकर धावलं, यावर माणूस वाचला की नाही ते ठरलं.

म्हणून घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं तर "तुमचा सक्सेस रेट किती?" यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. घरी गेल्यावर महिनाभर तुम्ही पेशंटची चौकशी करता का? रात्री ताप चढला किंवा पोट फुगलं तर फोन कोणाला करायचा? परत ओटीत न्यायची वेळ आली तर इथे सोय आहे की दुसरीकडे हलवावं लागेल?

डॉक्टर चिडतील का? एखादा चिडेलही. पण जो मोजत असतो त्याच्याकडे उत्तर तयार असतं. आणि बाविसाव्या दिवशी टाक्यातून पाणी आलं, तर ते त्यांनाही फोन करून सांगा. गल्लीतल्या गोळ्यांनी बरं झालं असलं तरी सांगा. त्यांच्या लॉगमध्ये तेवढी एक ओळ आपल्यामुळे पडेल.