आजी नापास नव्हती

विषय कॉम्प्युटरचा आहे, पण शेवटी आपल्याच दारात येतो. म्हणून वाचा.

मी सोनारीत घरी बसून काम करतो. प्रोग्राममधली चूक शोधायला डीबगर लागतो. जीडीबी हा त्यातला जुना, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला, आजही फुकट मिळणारा. त्याच्यासोबत हजारो चाचण्या येतात. चाचणी आधी कंपायलरकडून छोटा प्रोग्राम तयार करून घेते, मग त्यावर डीबगर तपासते.

परवा मीच लिहिलेली एक चाचणी एआरएम मशीनवर ‘फेल’ आली. आपल्या मोबाईलमध्ये असतो तसला प्रोसेसर. अर्धी रात्र डीबगरमध्ये चूक शोधली. चूक नव्हतीच! मी कंपायलरला ‘एफसीएफ-प्रोटेक्शन’ हा पर्याय दिला होता, तो इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठीचा. इथला कंपायलर म्हणाला, ही सोय माझ्याकडं नाही. प्रोग्रामच तयार झाला नाही, तर तपासलं काय?

जीडीबीत यासाठी पास-फेलखेरीज वेगळा शेरा आहे, ‘अनसपोर्टेड’. म्हणजे इथं ही सोयच नाही. आता मी आधी दोन ओळींचा प्रोग्राम त्या पर्यायासह तयार करून बघतो. कंपायलरनं पर्याय नाकारला तर तो शेरा मारून पुढं जातो. मात्र नकाराचं कारण नीट वाचावं लागतं. प्रोग्राममध्येच चूक असताना ‘अनसपोर्टेड’ लिहिलं तर खरा दोष झाकला जातो.

हे करताना आजी आठवली. जन्मभर खुरपं धरून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. रेशनच्या मशीनवर ठसा उठेना. तीनदा ‘फेल’. त्या महिन्याचं धान्य राहिलं. घरी येऊन म्हणाली, “मी नापास झाले रं.”

आजी नापास नव्हती. तिचं बोट वाचायची सोय त्या मशीनकडं नव्हती. पण तिथं शेरे दोनच, पास नाहीतर फेल.

म्हणून मागणी एवढीच. जिथं ठसा घेतात तिथं ‘मशीनला वाचता आलं नाही’ हा शेरा वेगळा असावा, आणि तो पडला की माणूस परत न पाठवता त्याच दिवशी दुसऱ्या मार्गानं ओळख पटवावी. महिन्याला असे शेरे किती पडले, हे ग्रामसभेत वाचून दाखवावं. नाहीतर त्याच शेऱ्याआड कुणी धान्यही लपवेल.

तुमच्या घरातलं कुणी असं ‘फेल’ झालंय का? खाली लिहा.