धुळ्याचा तुरुंग, पवनारचं मौन

आणीबाणीला पन्नास वर्षं झाली तेव्हा विनोबांचं नाव पुन्हा निघालं, तेही ‘सरकारी संत’ या जुन्या शिक्क्यासकट. या शिक्क्याचा मला राग येतो; पण तो निव्वळ खोटा आहे, असंही म्हणवत नाही. ध्यानात मुरलेला माणूस शांततेच्या कामी येतो की त्यातून अंग काढून घेतो, या वादात विनोबा दोन्हीकडचे साक्षीदार आहेत. पहिली साक्ष पोचमपल्लीची. १९५१ साली तेलंगणात जमिनीच्या झगड्यात माणसं मरत होती. विनोबा तिथे पायी गेले, दलित कुटुंबांना काय हवं ते विचारलं. ऐंशी एकर जमीन, असं उत्तर आलं आणि रामचंद्र रेड्डींनी सभेतच शंभर एकर देऊ केली. तिथून सुरू झालेल्या भूदान चळवळीतली बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हा आक्षेप खराच. पण बंदुकांच्या मुलखात कोणाचाही द्वेष न करता निःशस्त्र जाता येणं, ही साधनेचीच कमाई होती.

दुसरी साक्ष विनोबांच्या पवनार आश्रमाची. डिसेंबर १९७४ मध्ये विनोबांनी वर्षभराचं मौन धरलं. त्या मौनातच आणीबाणी आली, जयप्रकाश नारायणांसह हजारो जण तुरुंगात गेले आणि ‘अनुशासनपर्व’, म्हणजे शिस्तीचा काळ, हा शब्द विनोबांच्या नावानं सरकारी फलकांवर चढला. त्या शब्दाचा त्यांनी नंतर केलेला खुलासा फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. साधक तोच, साधना तीच. मग फरक कुठे पडला? पोचमपल्लीत ते स्वतः विचारायला गेले होते. पवनारला सोसणाऱ्यांनी त्यांच्यापर्यंत पोचायचं होतं, आणि ते गजाआड होते. ध्यानानं राग निवतो, पण कोणाच्या बाजूनं उभं राहायचं ते सोसणाऱ्याकडूनच कळतं.

म्हणून मन सारखं धुळ्याच्या तुरुंगाकडे वळतं. १९३२ साली विनोबांनी तिथे गीतेवर अठरा प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. गुरुजी विनोबांसारखे स्थिरचित्त नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी चटकन यायचं. पण १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्र पालथा घातला, मग उपोषण मांडलं. ते सोडा, अशी गांधीजींची तार आली. गुरुजींनी ऐकलं नाही. मंदिर खुलं करायचं ठरलं, तेव्हाच उपोषण सुटलं. विनोबांची बाजू मांडायला निघालेला युक्तिवाद असा गुरुजींपाशी येऊन पोचतो. शांततेचं काम करायला आधी स्वतःचं चित्त शांत झालेलं असावं लागतं, ही अटच मला आता जाचक वाटते. तिच्या आडून किती जणांनी नुसतीच वाट पाहिली असेल!