धुराचा बिझनेस प्लॅन

आटगावला काकूच्या चुलीवर मासे टांगलेले असतात. पहिल्या दिवशी आतून लुसलुशीत, आठवड्याने लाकडासारखे कडक. पहिल्या दिवसाचे दोन तुकडे एकदा ठाण्याच्या ऑफिसात नेले, तर डब्यावर चौघं तुटून पडले. ‘बॉस, याचा बिझनेस कर!’ झालं, त्याच रात्री राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये टाकला आणि एक्सेल उघडलं.

पहिला झटका वजनाचा. १० किलो कटला साफ केल्यावर साडेसात, धुरातून निघाल्यावर जेमतेम पाच. म्हणजे २०० रुपये किलोचा मासा मीठ, लाकूड, बर्फ धरायच्या आधीच ४०० वर!

तरी माझा हुकमी एक्का होता व्हॅक्यूम पॅक. चकाचक पाकीट, महिनाभर टिकणार. मग वाचलं, १९६३ साली अमेरिकेत ग्रेट लेक्सचे असेच हवाबंद स्मोक्ड मासे खाऊन माणसं दगावली होती. बॉट्युलिझम. त्या जंतूला हवा नकोच असते, आपण पाकिटातून ती काढून त्याची सोयच करतो. म्हणून गाभ्यात ६३ अंश अर्धा तास राखायचे आणि नंतर मासा सतत ३ अंशांच्या आत ठेवायचा. आटगावात लाइट गेल्यावर फ्रीजचं काय होतं ते मी सांगायला नको. काकूचा मासा टिकतो तो धुरामुळे कमी, वाळल्यामुळे जास्त. आणि माझ्या गिऱ्हाइकाला तर लुसलुशीतच हवा!

थोडक्यात, धंद्यातला खरा खर्च धुराचा नाही, थंडाव्याचा. कोल्ड रूमसाठी भाऊ २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेवर अडून बसला. महिलांना ६० टक्के अनुदान होतं, काकूच्या नावावर अर्ज करू म्हणाला. काकूने शांतपणे विचारलं, “आणि उरलेलं कर्ज कोणाच्या नावावर?”

कोल्ड रूम तिथेच बारगळली.

आता शनिवारी संध्याकाळी आंब्याच्या लाकडावर धुरी देतो, रात्रभर बर्फात ठेवतो आणि रविवारी पहाटेच्या लोकलने लगेजच्या डब्यातून ठाण्याला आणतो. साठवण नाही, ऑर्डर तेवढाच माल. शनिवारी विकायचं मनातही आणू नका, निम्म्या गिऱ्हाइकांचा वार असतो. श्रावणात दुकान बंद. (माझ्या एक्सेलमध्ये श्रावण नव्हताच!) एफएसएसएआयची नोंदणी मात्र पहिल्या ऑर्डरआधीच केली.

मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. या रविवारच्या १४ ऑर्डर आल्यात. काकू म्हणते, १२ च घे, चूल एकच आहे.