गाड्याखालचं कुत्रं

गाड्याखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, गाडा आपणच ओढतोय. लहानपणापासून ऐकलेली म्हण. घरात, कचेरीत, निवडणुकीत, कुणाला त्याची पायरी दाखवायची असली की ती हाताशी असते. सध्या ती माझ्या मागे लागली आहे. यवतेश्वरचा घाट पळत चढताना तर हमखास. चढाला श्वास पुरवून वापरावा लागतो, शेजारच्याशी बोलता येत नाही, मग डोकं असलं काहीतरी चघळत बसतं.

मुळात कुत्र्याला काय वाटतं हे कळलं कुणाला? बैल मान खाली घालून ओढतायत. कुत्रं दोन चाकांच्या मधे. आणि वर साटीत, कासरा हातात धरून, गाडीवान. या सगळ्यांत स्वतः एक पाऊलही न टाकणारा एवढा एकच, आणि फुशारकीचा आरोप करणाराही तोच. बैलांनी तक्रार केली असती तर ऐकून घेतलं असतं.

शिवाय कुत्रं गाड्याखालून चालतं ते सावलीसाठी. आटपाडी-जतकडचा चैत्रातला रस्ता ज्याने पाहिलाय त्याला हे सांगायला नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. येतो तो थोडासा, पंजांच्या गाद्यांना. बाकीची उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच घालवायची. गारव्यात ते कुठल्याही माणसाला मागे टाकेल, पण ऊन चढलं आणि पल्ला लांबला की घामेजलेला माणूस पळत राहतो आणि कुत्र्याचं अंग आधी तापतं. अशा जनावराने चालती सावली शोधून काढली, तर त्याच्या हुशारीवर म्हण व्हायला हवी होती. झाली ती गर्वावर. बरं, मुक्कामाला बैल सुटले, गाडीवान आडवा झाला, की राखण कोण करतं? म्हणजे गाड्याच्या कामात त्याचा वाटा अगदीच नाही असंही नाही. पण म्हणीत हे कुठे बसवणार? बसवलं तर ती म्हण राहणार नाही.

आमच्या घाटात एक तांबडं कुत्रं आहे. समर्थ मंदिराच्या पुढे कुठेतरी येऊन मिळतं. आमच्यातले कुणी त्याला लाल्या म्हणतात, कुणी टायगर. दोन्ही हाकांकडे ते सारखंच दुर्लक्ष करतं. कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी करून परत सोडलेलं. ते पुढे जातं, वळणावर थांबतं, मागे बघतं, आम्ही दिसलो की पुन्हा सुटतं. ‘ते माझ्याबरोबर पळतं’, असं मी लोकांना सांगतो. सांगताना छाती थोडी फुगते, हेही खरं. पण घाट त्याचा आहे. मी नव्हतो तेव्हाही ते पहाटे या वळणांवरून फिरत असणारच. मग त्याच्या हिशेबी मीच तो, जो खालून चालतो आणि आपण ओढतोय असं समजतो?

हे असं उलटं करून टाकणं फार सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच मला त्याचा संशय येतो. म्हण उलटी केली तरी कुणाला तरी भ्रम झालाय हे गृहीत धरावंच लागतं. दोघांनाही काहीच वाटत नसेल तर? दोघं नुसते पळत असतील तर? याच घाटात सातारा हिल मॅरेथॉन होते. २०१५ साली डोंगरी अर्धमॅरेथॉनमध्ये सर्वाधिक धावपटूंचा गिनेस विक्रम तिच्या नावावर लागला, आकडा २,६१८. त्यात कुत्री धरलेली नाहीत.

लांब पल्ल्याच्या लोकांत गोबीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. २०१६ मध्ये चीनच्या तिआन शान डोंगरात, टप्प्याटप्प्याने पळायच्या २५० किलोमीटरच्या शर्यतीत, डिऑन लिओनार्ड या धावपटूच्या मागे एक एवढीशी भटकी कुत्री लागली ती शंभरावर किलोमीटर त्याच्या पायाशीच राहिली. वाटेत नदी आली तेव्हा ती काठावर अडकली; हा मागे फिरला आणि तिला उचलून पलीकडे घेऊन गेला. पुढे ती उरुमची शहरात हरवली, त्याने जाऊन शोधली, स्कॉटलंडला घरी नेली, पुस्तक लिहिलं. गोष्ट चांगलीच आहे. फक्त ती सांगणारा साटीत बसलेला आहे.

त्यापेक्षा मला निपाणी तालुक्यातल्या यमगर्णीचं कुत्रं जास्त छळतं. नाव महाराज. २०२४ च्या आषाढीच्या आधी ते पायी वारीला निघालेल्यांबरोबर पंढरपूरला गेलं. दर्शन झालं, गर्दीत चुकामूक झाली. माणसं शोधून थकली, घरी परतली, आणि लगेच दुसऱ्या दिवशी हे दारात उभं, शेपूट हलवत. गावाने हार घातला, जेवण घातलं. बातमीत अंतर दिलं होतं अडीचशे किलोमीटर. म्हणजे गोबीच्या शर्यतीएवढंच, पण सोबत कुणी नाही, पाण्याचे थांबे नाहीत. नकाशात मधे सांगली जिल्हा पसरलेला आहे. ते मिरजेवरून आलं की कवठेमहांकाळच्या बाजूने, कोण सांगणार. सगळ्यांनी त्याला निष्ठा म्हटलं. असेल. मला वाटलं, इथे तर गाडाच नव्हता. वर कुणी बसलेलं नाही, पुढे बैल नाहीत, खाली सावली नाही, तरी पावलं तीच. मग जाताना ते जे चाललं ते माणसांबरोबर चाललं, असं तरी कशावरून म्हणायचं?

साताऱ्यात कुत्र्यांचा विषय निघाला की कुणीतरी संगम माहुलीवर जातंच. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे, आणि तिथेच दगडात कोरलेला त्यांचा खंड्या कुत्राही. शिकारीत वाघ अंगावर येत असताना खंड्याने भुंकून सावध केलं, महाराज वाचले, अशी कथा. त्यांनी कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद काढली आणि त्याला पालखीचा मान दिला. एकदा दागिन्यांनी मढलेला एक सरदार भेटीला यायचा होता, तेव्हा महाराजांनी कुत्र्यालाच जरीची वस्त्रं नि दागिने घालून, आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि स्वतः बोडक्याने दरबारात बसले, असंही सांगतात. ग्रँट डफ हा इंग्रजांचा साताऱ्यातला रेसिडेंट. त्याच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत आहे, पण ती उतारवयात बुद्धी ढळल्याच्या खात्यात. दरबारी मंडळींनी महाराजांचं मन राखायला म्हणून पालखीचा सरंजाम चालू ठेवला, असा त्याचा सूर. मला यात वेड दिसत नाही, किंवा फारच नेमकं वेड दिसतं. पण माझं मत शाहूंबद्दल नाहीच. मी अडकलोय ते भोयांपाशी.

आमच्या मुलखात लांब पल्ल्याचा सराव कुणाला असेल तर तो भोयांना. खांद्यावर दांडी, पावलाला पाऊल, तोंडाने हुंकार, आणि कोसच्या कोस. त्यांच्या खांद्यावर कुत्रं बसवलं गेलं. त्यांना काय वाटलं, याची नोंद कोण करणार? हसले असतील, चिडले असतील. पाटलापेक्षा वजनाला हलकं म्हणून खूशही असतील. आणि खंड्याला? ज्या पायांनी तो वाघासमोर गेला ते पाय पोटाखाली दुमडून, हेलकावे खात? मला खात्री आहे, निदान आज सकाळी होती, की खंड्याने पहिल्याच चढावर पालखीतून उडी मारली असणार आणि खाली सावलीत, भोयांच्या पायांमधून, चालायला लागला असणार. सनद आहे म्हणून भोई रिकामी पालखी वाहतायत आणि कुत्रं खालून चाललंय. आता यात ओढतंय कोण?

खरं तर याचा लाल्याशी काही संबंध नाही. लाल्याला सनद नाही. ७ नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्याबरोबर क्रीडा संकुलंही होती: तिथली भटकी कुत्री उचलायची आणि परत तिथे सोडायची नाहीत. साताऱ्याच्या क्रीडा संकुलाला छत्रपती शाहूंचं नाव आहे. पोरांना चावे होतात, रेबीज झाला तर माणूस वाचत नाही, हे मला कळतं, आणि मैदानावर पळणाऱ्या मुलीच्या आईला मी लाल्याच्या गोष्टी ऐकवणार नाही. घाट अजून कुणाचं संकुल नाही, एवढंच.

पण अडचण घाटातच आहे. पुढच्या रविवारी आमचा लाँग रन कासपर्यंत आहे. परतताना ऊन असणार, डांबर तापलेलं असणार, आणि लाल्या येणार. एकाने सुचवलं, त्याच्यासाठी पाणी नि पसरट वाटी घेऊ. दुसरा म्हणाला, अंधारातच निघू, म्हणजे त्याला कळणार नाही. याच्यावर सगळे हसले. डॉक्टर असलेला आमचा एक जण म्हणाला, उन्हाने कुत्रं आडवं पडलं तर सगळे रडाल, त्यापेक्षा सुरुवातीलाच दगड उगारून परत लावा, एकदाच वाईट वाटेल. बोलला ते बरोबर आहे. काल मी त्याच्या बाजूचा होतो, आज नाही. थकलं तर ते आपण होऊन सावलीला बसेल, त्याला तेवढी अक्कल आहे, असं मला वाटतं. पण पुढे गेलेले आम्ही दिसत असताना ते बसेल का, हे मला सांगता येत नाही. दगड कुणी उगारायचा, यावर मात्र कुणी काही बोललेलं नाही.