मान वर, मान खाली

वाई,
रविवार

चि. मृणाल,


तुझं पत्र मिळालं. नाशिकला गोदाघाटावर जलरंगाला बसलीस की मुलं गराडा घालतात, प्रश्न विचारून भंडावून सोडतात, म्हणून यापुढे घरीच फोटोवरून चित्रं करावीत असं तुझ्या मनात आहे. तसं करू नकोस, हे सांगायला लगेच लिहायला बसले.

या मुलांनी आजवर पाहिलेली चित्रं बहुतेक छापलेली, पुरी झालेली असतात. स्वतः काढतात तेही ठरलेलं : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. हे चित्र समोर बघून कुणी काढत नाही. वरच्या वर्गातल्या वहीतून ते खालच्या वर्गात उतरतं. अशा मुलांसमोर तू बसतेस. मान वर करून देवळाकडे बघतेस, मान खाली घालून एक रेघ ओढतेस आणि पुन्हा वर बघतेस. चित्रात हात चालवण्याहून बघण्याला जास्त वेळ लागतो, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळतं. चित्रकलेच्या तासाला गणिताचा जादा तास घेतला जातो अशा शाळेतल्या मुलाला हे दुसरीकडे कुठे दिसणार?

म्हणून प्रश्न आला की खरं उत्तर दे. इथे वाईत गणपती घाटावर पायऱ्यांवर वाळत घातलेलं धुणं मी रंगवत होते. एका मुलाने विचारलं, ‘‘चादर पांढरी आहे, मग तुम्ही निळी का केली?’’ मी त्याला कोरा कागद दिला आणि अर्धा उन्हात, अर्धा सावलीत धरायला सांगितला. बराच वेळ बघून तो म्हणाला, ‘‘सावलीतला निळसर दिसतोय.’’ मग त्याला सांगितलं, की सावलीत ऊन पोचत नाही, पण निळ्या आभाळाचा उजेड पोचतो. ‘‘सूर्य कुठे काढणार?’’ हाही नेहमीचा प्रश्न. तेव्हा सावल्या कुणीकडे पडल्यात ते बघायला सांगावं. सूर्य आपल्या पाठीशी आहे, हे मुलं स्वतःच शोधून काढतात.

आपल्यालाही त्यांच्याकडून मिळतं. ढोल्या गणपतीचं देऊळ करत होते तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘‘पाठीमागची भिंत माशासारखी आहे, ती नाही काढणार?’’ हे देऊळ १७६२ मधलं. कृष्णेला पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं, म्हणून मागची भिंत अशी बांधलेली आहे. मी दर्शनी बाजूचं ऊन बघत होते. ती नदीकाठी वाढलेली, तिच्या डोळ्यांपुढे पुराचं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी मी मागच्या बाजूला बसले. घाटावर राहणाऱ्यांना घाट कसा दिसतो, हे असं विचारणाऱ्यांकडूनच समजतं.

कामात व्यत्यय येतो, हे खरं आहे. आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, ओला असताना थांबता येत नाही. तेव्हा आधीच सांगून ठेवायचं, ‘‘हे वाळेपर्यंत मी बोलणार नाही. वाळलं की सगळं सांगते.’’ हे मुलं पाळतात. नंतर आलेल्यांनाही तीच गप्प बसवतात. जाण्यायेण्याची वाट सोडून, भिंतीला पाठ लावून बस, म्हणजे मागून रेटारेटी होत नाही. काही पिवळ्या-तांबड्या रंगांत कॅडमियम असतं, त्यामुळे रंग आणि रंगाचं पाणी त्यांच्या हाती देऊ नकोस. पेन्सिल आणि कागद मात्र जरूर दे. ‘‘माझं चित्र काढा’’ म्हणणाऱ्याला पायरीवर उभं कर. डोक्याचा एक ठिपका, सदऱ्याचा एक फटकारा. तेवढ्याने तो चित्रात येतो आणि घाट केवढा उंच आहे तेही कळतं.

शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकाराने ज्या नाशिकची निसर्गचित्रं केली, त्या गावात तू रंगवायला बसतेस. सगळी मुलं चित्रकार होणार नाहीत, व्हायलाही नकोत. पण आपण रोज ज्या पायऱ्यांवरून धावतो त्या कुणीतरी तास-दोन तास बघत बसावं इतक्या मोलाच्या आहेत, हे त्यांना कळायला हवं. ज्याला ते कळलं तो मोठेपणी घाट जपायचा की बुजवायचा हा प्रश्न निघाला, तर नुसता बघत बसणार नाही. चित्र प्रदर्शनात लागेल तेव्हा लागेल. त्याचं निम्मं काम घाटावरच झालेलं असतं.

पुढच्या खेपेला नारोशंकराच्या देवळाकडे बस, आणि पिशवीत जास्तीचे कागद असू देत.

तुझी,
आत्या