गीसेन येथील जुनी रसायनशाळा

जर्मनीस जाऊन आलेल्या मनुष्यानें ऱ्हाइन नदी, तिच्या कांठचे किल्ले आणि द्राक्षांचे मळे यांचें वर्णन करावें, असा एक शिरस्ताच पडून गेला आहे. तो मोडल्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. फ्रांकफुर्टच्या उत्तरेस आगगाडीनें तासाभराच्या अंतरावर गीसेन म्हणून गांव आहे. तेथील एका जुन्या पहारेचौकींत मीं एक सबंध दिवस घालविला, आणि त्यास कारण झालें तें आमच्या घरांतलेंच एक संकट.

माझी पुतणी तिकडील एका विद्यापीठांत शास्त्रशाखेच्या पहिल्या वर्षांत शिकते. मी तिच्याकडे उतरलों होतों. दुसऱ्या रात्रीं भांडीं घासतां घासतां ती हळूच म्हणाली, "काका, सामान्य रसायनांत मी नापास झालें. दादांना सांगूं नका." दादा म्हणजे माझे वडील. आमच्या एकत्र कुटुंबांत परीक्षेचा निकाल एकट्याचा कधींच नसतो. देवापुढें ठेवलेल्या पेढ्यांप्रमाणें तो साऱ्यांचा असतो. मीं होकारहि दिला नाहीं, नकारहि दिला नाहीं. "उद्यां गीसेनला जाऊं," एवढेंच म्हणालों.

स्टेशनापासून थोडें चाललें कीं खांबांची ओसरी असलेली एक ठेंगणी इमारत लागते. पूर्वीं ती लष्करी बराकीची पहारेचौकी होती. १८२४ सालीं युस्टुस लीबिग हा अवघा एकवीस वर्षांचा तरुण हुंबोल्टच्या शिफारशीवरून गीसेनला प्राध्यापक म्हणून आला आणि १८५२ पर्यंत येथेंच राहिला. शाळेंत तो मागासलेला गणला जाई. "पुढें कोण होणार?" या मुख्याध्यापकांच्या प्रश्नास त्यानें "रसायनज्ञ" असें उत्तर दिलें, तेव्हां सारी शाळा हंसली, असें त्यानेंच लिहून ठेवलें आहे. १९२० पासून या वास्तूंत संग्रहालय आहे. १९४४ च्या डिसेंबरांत बाँबवर्षावानें गांवाचा मोठा भाग बेचिराख झाला. ही रसायनशाळा मात्र तगली.

त्या काळीं बहुतेक ठिकाणीं गुरुजींनीं प्रयोग करावा आणि विद्यार्थ्यांनीं बांकांवरून पाहावा, अशी रीत असे. येथें विद्यार्थ्यांच्याच हातीं काम दिलें जाई. आधीं अज्ञात पदार्थ ओळखावयाचा, मग त्याचें मोजमाप करावयाचें, आणि हात बसला म्हणजे स्वतःचें संशोधन. आपल्या कॉलेजांतील 'प्रॅक्टिकल' ही बऱ्याच अंशीं या चौकीचीच संतति होय.

मधोमध भट्टी असलेली जुनी खोली पाहून मला आजीच्या चुलीची आठवण झाली. बुन्सेनचा गॅसदिवा अजून जन्मास यावयाचा होता. सारें काम कोळशावर. शेजारीं १८३९ चें मोठें दालन आहे. त्यांत लांब मेजें आहेत, आणि विषारी धूर बाहेर जावा म्हणून भिंतींत कांचेचीं कपाटें आहेत. कंडेन्सर लीबिगच्या नांवानें ओळखला जातो खरा, पण तो त्याच्या जन्मापूर्वींच इतरांनीं योजिला होता. कीर्तीचा हिशेब असाच असतो!

त्याचें खरें अपत्य म्हणजे १८३१ चें पांच पोकळ गोळ्यांचें, त्रिकोणी बांधणीचें एक चिमुकलें कांचेचें उपकरण. त्यापुढें मुलगी थबकली आणि आपण होऊन बोलूं लागली. पदार्थ कॉपर ऑक्साइडांत मिसळून नळींत जाळावयाचा. निघालेली वाफ कॅल्शियम क्लोराइड शोषून घेतें, आणि कर्बवायु या गोळ्यांतील पोटॅशच्या द्रावांत अडकतो. "एक ग्रॅम द्राक्षशर्करा जाळली, तर गोळ्यांचें वजन सुमारें १.४७ ग्रॅमनें वाढेल. कर्बवायूच्या ४४ भागांत कार्बन १२ भाग. म्हणजे कार्बन ०.४० ग्रॅम!" मग स्वतःशींच म्हणाली, "मोल मोल म्हणतात तें हेंच कीं. मीं नुसतीं सूत्रें पाठ केलीं; वजन कशाचें, तें कधीं मनांतच आलें नाहीं."

मीं तिला सांगितलें कीं, लीबिगच्या काळीं कार्बनचें वजन कोणी सहा धरी, कोणी बारा. १८६० सालीं कार्ल्सरूह येथें रसायनज्ञांची परिषद भरली, तेव्हां कोठें हा घोळ निवळूं लागला. तिला बरें वाटलेलें दिसलें. पण माझ्या मनांत निराळेंच कांहीं सलत होतें.

ओसरींत बसल्यावर तें बोलून टाकलें. आमच्या वेळीं परीक्षेंत क्षार ओळखावयास मिळे. प्रयोगशाळेंतील शिपायाच्या हातावर पांच रुपये ठेवले कीं, "साहेब, झिंक सल्फेट," असें कानांत येई. मग उत्तरावरून उलट्या दिशेनें कसोट्या लिहून काढावयाच्या. मला उत्तम गुण पडले. दादांनीं साऱ्या आळींत पेढे वांटले.

ती आधीं खूप हंसली. मग गप्प झाली.

"दादांना ठाऊक आहे?"

"नाहीं."

परतीच्या गाडींत ती एक शब्दहि बोलली नाहीं. खोलीवर येतांच तिनें घरीं फोन लावला आणि आडपडदा न ठेवतां आपला निकाल सांगितला. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग दादांचा आवाज मला स्पष्ट ऐकूं आला, "पुन्हां परीक्षा कधीं आहे?" तिनें महिना सांगितला, डोळे पुसले, आणि फोन माझ्यापुढें धरून म्हणाली, "काका, आतां तुम्ही."