बोटभर फट

विंडसरला लोक किल्ला बघायला जातात. मीही गेलो. मुलाच्या गावाहून, स्लाउहून, रेल्वेनं जेमतेम सहा मिनिटं. पण ३१ वर्षं नगरपालिकेत ओव्हरसिअर म्हणून काढलेल्या माणसाचे पाय किल्ल्यात काय रमणार? ते रमले खालच्या रस्त्यावरच्या गिल्डहॉलपाशी. ही तिथली जुनी नगरपालिका. १९७४ मध्ये विंडसर मेडनहेडला जोडलं गेलं आणि गावाचा स्वतंत्र कारभार संपला. आता आत छोटं संग्रहालय आहे, लग्नं लागतात. चार्ल्स आणि कॅमिला यांचं २००५ मध्ये इथंच लागलं.

वर सभागृह, खाली मोकळा मांडव. तिथं पूर्वी धान्याचा बाजार भरायचा. काम १६८७ मध्ये सर टॉमस फिच यांनी सुरू केलं. ते वारले आणि पुढचं ख्रिस्तोफर रेन यांच्याकडे आलं, सेंट पॉल कॅथीड्रलवाले. गोष्ट अशी सांगतात की मधे आधार नाही, सभागृह डोक्यावर येईल, म्हणून नगरसेवकांनी खांबांचा हट्ट धरला. रेन यांनी खांब उभे केले, पण छताला टेकवलेच नाहीत. अभ्यासक या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. फट मात्र खरी आहे. मान मोडेस्तोवर वर बघत राहिलो, तेव्हा कुठं दिसली.

आणि मला एकट्यालाच हसू फुटलं. सून घाबरली. "बाबा, बरं वाटतंय ना?"

आमच्या भाजीमंडईला मी सात फुटांचा छज्जा काढला होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी एक सन्माननीय सदस्य त्याच्याखाली पाऊल टाकायला तयार होईनात. "हे अधांतरी कसं राहील? दोन खांब द्या." स्थायी समितीत ठराव आला, सूचक, अनुमोदक, एकमतानं मंजूर. आता गंमत अशी की छज्ज्याला सळई वरच्या अंगाला असते, कारण ताण वर येतो. टोकाला खांब टेकवला की मधल्या भागात वाक उलटा होतो, ताण खाली येतो आणि खाली सळई नावापुरतीच. म्हणजे आधार द्यायला जावं आणि छज्जा तडकावा! हे मी सभेत समजावू लागलो तर अध्यक्ष म्हणाले, "साहेब, वेळ झालाय."

मग मी आणि आमच्या मिस्त्रीनं खांब घातले. वर बोटभर जागा सोडली, थर्माकोल कोंबलं, वरून हलका गिलावा मारला. बिल निघालं. सदस्यांनी खांबाला हात लावून फोटो काढला. सेवानिवृत्तीपर्यंत मी हे कुणाला बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही.

रेन यांच्या पंगतीत बसायची माझी लायकी नाही. त्यांच्या फटीची गोष्ट तीनशे वर्षांनी पर्यटकांना सांगतात, माझी चौकशी समितीसमोर सांगावी लागली असती. तरी त्या मांडवात उभं असताना फार जुना सहकारी भेटल्यासारखं वाटलं.

सुनेला सगळं सांगितलं. तिनं मोबाइल उंच धरून फटीचा फोटो काढला, तो मी मिस्त्रीला पाठवला. आपल्याकडे तेव्हा रात्र झाली असेल. तरी लगेच उत्तर आलं : "साहेब, उद्या मंडईत भाजी आणायला जातोच आहे. आपलं थर्माकोल बघून येतो."